लेकुरवाळीचा हात

आमच्या घरमालकीणबाईंच्या परसात पाऊल टाकायचं तर एक अट होती. आत काहीही बघा, चांगलं म्हणायचं नाही. वांग्याचं झाड फुलांनी लगडलेलं असो, मिरच्या बोटाबोटाएवढ्या लोंबत असोत, तोंड बंद ठेवायचं. अगदीच राहवलं नाही तर शिव्या द्यायच्या. त्या स्वतः तेच करत. सकाळी तांब्या घेऊन वाफ्यावाफ्यातून फिरत आणि टोमॅटोच्या रोपाला म्हणत, "मढं कुठलं! वाळून चाललंय नुस्तं." रोप बिचारं टवटवीत उभं असायचं. त्याला नजर लागू नये म्हणून ही बोलणी. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलेलं आहे. पुढे कळलं की फिरलेलं आहेच, पण एका ठरलेल्या दिशेनं, आणि त्या दिशेला त्यांच्याइतकं शिस्तीत चालणारं माणूस पारनेरात दुसरं नव्हतं.

मी तिथल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा त्यांच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत, पाळ्यांची ड्यूटी. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. उंच, हाडकुळी बाई. पातळावर नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट घालायच्या. त्याच्या एका खिशात मोबाईल आणि दुसऱ्यात राखेत घोळलेल्या बियांच्या पुरचुंड्या. कुठल्या पुरचुंडीत काय, हे त्या गाठीवरून ओळखत. दोन गाठी म्हणजे मिरची, उलटी गाठ म्हणजे काटेरी वांगं, असं काहीतरी होतं. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी 'मास्तरीण'.

हुकूम सोडण्याआधी "मला काय कळतंय" असं म्हणायची त्यांना सवय होती.

"मला काय कळतंय, मास्तरीण, पन भांड्याला तो हिरवा साबन लावू नको. तुझ्या मोरीचं पानी माझ्या दोडक्याला जातंय."

नळाला पाणी कधी आठवड्यानं येई, कधी त्याहून उशिरा. उन्हाळ्यात टँकरवर भागवावं लागे. तेव्हा त्यांच्या दोडक्याची सोय माझ्या मोरीतूनच होणार, हे मला पटलं. एम.एस्सी. झालेली बाई राखेनं भांडी घासायला लागली. गल्लीत कुणाचा नळ सांडत असल्याचा आवाज आला की मावशी न विचारता त्या घरात शिरत, तोटी बंद करत आणि त्या घरातल्या बाईला चार शब्द सुनावूनच बाहेर पडत. लोक त्यांना हसत, थोडे टरकतही, आणि शुक्रवारी त्यांच्याकडून भाजी मागून नेत.

एकदा माझी आई राहायला आली. तिला मी अट सांगायची विसरले. परसात जाऊन ती मोकळ्या मनानं म्हणाली, "अगंबाई, किती छान वांगी आलीत हो!" मावशींनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं वाफ्यात चप्पल फेकली होती. मग ते सगळ्यात मोठं वांगं तोडलं, आईच्या ओंजळीत ठेवलं आणि घरात निघून गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी झाडाला एक पान पिवळं दिसलं, तेव्हा फक्त म्हणाल्या, "बघ. तुझ्या आईला सांग." आईनं घाबरून पुण्याला गेल्यावर फोन करून त्या झाडाची चौकशी केली होती.

त्यांचा खरा मोसम संक्रांतीनंतर सुरू व्हायचा. गादीवाफ्यावर बी पडायचं, वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर, त्यावर ओलं गोणपाट. कोंब दिसले की गोणपाट निघायचं, आणि मग चिमण्यांशी भांडण सुरू. महाशिवरात्र होऊन शिमगा जवळ आला की रोपं लावणीला यायची. नर्सरीतली प्लास्टिकच्या ट्रेमधली रोपं त्यांना अजिबात चालत नसत. "बाटलीवर वाढलेली पोरं ती," म्हणायच्या. स्वतःची रोपं त्या कधी उपटत नसत. आधी वाफा भिजवायचा, मग खुरपं खालून घालून मातीच्या गड्ड्यासकट उचलायचं, आणि तळहातावर घेऊन नव्या जागी न्यायचं. ऊन उतरल्याशिवाय लावणी नाही. लावल्यावर प्रत्येक रोपाच्या डोक्यावर एरंडाच्या पानाची टोपी. हे सगळं त्या एकट्या करत. मदत करायला गेलं तर हातावर चापट मारत.

फक्त पहिलं रोप त्या लावत नसत.

ते लेकुरवाळीनं लावायचं. जिची मुलं जगली-वाढली आहेत अशा बाईचा हात आधी मातीला लागला तर बाग फळते, हा नियम मावशींनी काढलेला नव्हता, तो त्यांच्या माहेरी होता, सासरी होता, सगळीकडेच होता. आणि मावशींना मूल झालेलं नव्हतं.

त्यांच्या मालकांनी दुसरी बायको केली होती. तिला मावशी 'धाकटी' म्हणत. मालक, धाकटी आणि त्यांची मुलं सुप्याच्या वाटेवर मळ्यात राहत. गावातलं हे घर आणि परस मावशींच्या वाट्याला आलं होतं. बाजाराच्या दिवशी मालक येत, ओट्यावर बसून चहा घेत, पिशवीभर भाजी घेऊन जात. मावशी त्यांच्याबद्दल एवढंच म्हणाल्याचं मला आठवतं, "मानूस वाईट न्हाई. वाईट आसता तर बरं झालं आसतं."

मी तिथे गेल्यानंतरच्या पहिल्या वसंतात धाकटीच आली. मालकांच्या मोटारसायकलवर मागे बसून. गोल चेहऱ्याची, हसरी, जरा ओशाळलेली बाई. मावशींनी तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली आणि उलट्या गाठीच्या वांग्याचं पहिलं रोप तिच्या हातात दिलं.

"आक्का, तुमीच लावा की," धाकटी म्हणाली. "मला मेलीला काय येतंय?"

"गप लाव."

धाकटीनं वाफ्याच्या तोंडाशी, जिथून पाणी आत शिरतं तिथे, ते लावलं. मावशी लांब उभ्या होत्या. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते. धाकटी चहा पिऊन गेली, आणि मग मावशींनी शर्टाच्या बाह्या वर सारून उरलेलं सगळं परस अंधार पडेपर्यंत लावून काढलं.

मला तेव्हा दिवस गेले होते आणि सकाळी फार मळमळायचं. त्यामुळे भल्या पहाटे मी मागच्या दारात बसलेली असायची. लावणीनंतर आठवडाभरानं पाहिलं, तर धाकटीचं रोप मान टाकून पडलं होतं. तिनं घाईत खोड दाबून चेंगरलं असावं. मावशी आल्या, त्यांनी ते उचललं, शेवटच्या ओळीतलं एक चांगलं धरलेलं रोप गड्ड्यासकट आणून त्या जागी बसवलं आणि इकडेतिकडे बघितलं. मी दिसले.

"मावशी, हे तर तुमच्या हातचं," मी म्हटलं.

"चूप. मी नुस्ती जागा बदलली."

त्या उन्हाळ्यात त्या झाडाला वांगी मावेनात. बाजाराच्या दिवशी मालक आले की मावशी त्यांना ते झाड दाखवत आणि म्हणत, "धाकटीचा हात हाय." मी दारात उभी राहून ऐकायची आणि माझा तिळपापड व्हायचा. स्वतःच्या हातानं जगवलेलं झाड ही बाई सवतीच्या नावावर करते! आणि वर आनंदानं करते असंही नाही. तोंड कडू करून करते, पण करतेच.

भाद्रपदात मला मुलगा झाला. मावशींनी त्याच्या कपाळाला, गालाला, तळपायाला काजळ फासलं आणि त्याचं नाव ठेवलं 'माकड'. "काळं माकड, मेलं रडतंय नुस्तं," असं म्हणत त्याला मांडीवर घेऊन तेल जिरवत बसायच्या. मी शाळेत गेले की तो त्यांच्याकडेच असायचा.

पुढच्या शिमग्याआधी एका संध्याकाळी माझ्या दारावर थाप पडली. मावशी होत्या. अंगात शर्ट नव्हता. इरकली पातळ, हातात नव्या हिरव्या बांगड्या.

"ऊठ, मास्तरीण. हात धू."

"मी?"

"मग काय मालकाला बोलवू?"

मी हसले. म्हटलं, "मावशी, रोपाला काय कळतंय लावणारीला मूल आहे का नाही ते?"

त्या मुळीच रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला पोरगं हाय म्हनून तुला हे इचारता येतंय."

मी पोराला कडेवर घेऊन वाकले आणि पहिलं रोप लावलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. वर्गात मी अंकुरण शिकवते, फळ्यावर बीजपत्रं काढते, अंधश्रद्धेवर निबंध तपासते. पण ओटीत तांदूळ पडले आणि मावशींनी माझ्या हातावर पाणी सोडलं, तेव्हा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. आणि मावशींचा चेहरा! त्या गल्लीभर सांगत सुटल्या, "आता घरातच लेकुरवाळी हाय. कुनाला बोलवायला मळ्यात जायचं काम न्हाई." वर्षानुवर्षं सवतीला निरोप धाडायचा, तिची वाट बघायची, तिच्या हाती रोप द्यायचं, हे त्यांच्या मागचं सुटलं होतं. ते त्यांना किती डाचत होतं, हे मला ते सुटल्यावर दिसलं. त्या वर्षी त्या लावणी करताना चक्क गुणगुणत होत्या.

असे तीन-चार वसंत गेले. मग एका पावसाळ्याच्या शेवटी माकडाला ताप आला. आधी साधा वाटला, मग डोक्यात गेला. नगरला नेलं. आम्ही गेलो तिघं आणि परत आलो दोघं.

यापुढचं मला नीट सांगता येत नाही, आणि सांगायचंही नाही. नवरा जास्तीच्या पाळ्या मागून घ्यायला लागला. मी शाळेत जायची, शिकवायची, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. मावशी सकाळ-संध्याकाळ भाकरी आणून ठेवायच्या. बोलायच्या नाहीत. उंबऱ्यावर बसायच्या, मी दोन घास खाल्ले की ताट घेऊन जायच्या. एकदाच बोलल्या. ताट उचलता उचलता म्हणाल्या, "येकदाबी गोड बोलले न्हाई गं त्याला. नजर लागंल म्हनून." आणि तशाच ताट घेऊन उभ्या राहिल्या. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्यांना घराबाहेर हाकलावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

मग गल्लीनं मला हळूहळू बाजूला काढलं. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळ्या फार गोड बोलायच्या. पण शेजारी बारसं झालं, पेढे आले, बोलावणं आलं नाही. शाळेतली एक सहकारी सातव्या महिन्यापर्यंत माझ्यापासून पोट लपवत होती. तिच्या डोहाळजेवणाचे फोटो मी मोबाईलवर पाहिले. मला राग येत नव्हता, नुसती धाप लागायची. वाटायचं, मी आई होते ना? ते कुणी काढून घेतलं?

संक्रांत झाली. मावशींनी बी टाकलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला गादीवाफा दिसायचा. कोंब आले, दोन पानं आली, चार पानं आली. आणि माझ्या लक्षात आलं की मी त्या रोपांकडे बघत दिवस काढते आहे. मला त्या वर्षी जगात एकच गोष्ट हवी होती, की लावणीच्या दिवशी मावशींनी माझ्या दारावर थाप मारावी. बाकीच्यांचं राहू दे. त्यांना कळत नाही. पण मावशींनी आयुष्यभर हेच सोसलं होतं. धाकटी आली की हात पाठीमागे धरून उभी राहणारी बाई ती. ती तरी मला असं बाजूला ठेवणार नाही, असं मी मनाशी घट्ट धरून बसले.

आदल्या दिवशी वाफा भिजलेला दिसला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून आले. नखं कापली. साडी बदलली. ऊन उतरेपर्यंत खुर्चीवर बसून राहिले.

मोटारसायकलचा आवाज आला.

मी खिडकीशी गेले. धाकटी उतरली, पूर्वीपेक्षा सुटलेली, केसात पांढरं आलेलं. मावशी शर्टातच होत्या. त्यांनी कुंकू लावलं, ओटी भरली. धाकटीनं इकडेतिकडे बघत विचारलं, "आक्का, मास्तरीणबाई न्हाईत व्हय?"

"हाय. तू लाव."

धाकटीनं लावलं. चहा झाला. मालकांनी मोटारसायकल चालू केली. मी खिडकीतून हलले नाही. मला रडू आलं नाही, ओरडावंसं वाटलं नाही, फक्त वाटलं की आता सगळं संपलं. त्या घरात, त्या गावात, माझ्या अंगात, कुठेच काही उरलेलं नाही.

आणि मग थाप पडली.

मावशी दारात उभ्या होत्या. हात मातीनं भरलेले. "चल," म्हणाल्या. "मागच्या लायनी ऱ्हायल्यात."

"मला का नाही बोलावलं?" मी विचारलं. "मावशी, तुम्ही सुद्धा?"

"बोलावलं आसतं आन रोप गेलं आसतं तर?"

"गेलं असतं तर गेलं असतं! तुम्ही बदललं असतंत. तुम्हाला येतं की ते."

"मी बदललं आसतं. पन तू बघितलं आसतंस." त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. "हाताला नाव ठिवून घेऊन जगनं लई अवघड आसतंय, मास्तरीण. मी जगले. तुझ्या हाताला कोन नाव ठिवायच्या आधीच तुला मागं घेतलं."

"पण तुम्हाला स्वतःला तसं वाटतंय ना? माझा हात आता चालत नाही असं?"

माझ्याशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "व्हय," म्हणाल्या. "वाटतंय. काय करू?" आणि मग, अगदी हळू, लेकराशी बोलावं तशा म्हणाल्या, "आता तू माझ्यातली."

आता संस्थेनं बदली केल्यामुळे मी नगरला राहते. पुष्कळ मैत्रिणींना मी ही हकीगत सांगितली. त्या म्हणतात, तू त्या बाईच्या तोंडावर दार लावायला हवं होतंस. बरोबर आहे. पण त्या दिवशी अख्ख्या पारनेरात मला 'चल' म्हणणारी ती एकच बाई होती. तिनं जे केलं ते प्रेमानं केलं, आणि त्या प्रेमानं मला जेवढं मारलं तेवढं गल्लीतल्या कुणी मारलं नव्हतं. हे दोन्ही खरं आहे आणि आजही मला त्यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही.

मी गेले. मावशींनी त्यांच्या शेजारी पोतं अंथरलं. मागच्या ओळी म्हणजे भिंतीलगतच्या, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. त्यांनी खळगा केला आणि एक वांग्याचं रोप माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते खळग्यात धरलं, मुळांवर माती ओढली. आता बुडाशी दोन्ही बाजूंनी माती दाबायची एवढंच राहिलं होतं.

आणि माझी बोटं थांबली.

रोपाला काय लागतं ते मी इतकी वर्षं शिकवत होते. माती, पाणी, ऊन. ते मला त्या क्षणीही पाठ होतं. पण माझ्या हाताखाली ते एवढंसं रोप होतं, आणि हा हात घट्ट धरूनही नगरला एकदा रिकामा झाला होता. मला भीती वाटली.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही दाबा. माझ्या हातानं नको."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. लावणीला त्यांचा हात कुणी मागावा, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मग त्यांनी माझी बोटं बाजूला केली, रोपाच्या बुडाशी माती दाबली, आणि बराच वेळ हात तिथून उचललाच नाही.